कुत्र्याला बाग हवी: अर्जापासून पोचेपर्यंत

शहापुरात श्वान उद्यान व्हावं असं ज्याला मनापासून वाटतं, त्याने ही गोष्ट सुरुवातीला कोणालाही सांगू नये. एसटी स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर तर मुळीच नाही. सकाळी सांगितलंत की संध्याकाळपर्यंत तुम्ही 'कुत्र्यावाले' झालात म्हणून समजा. माझ्या वडिलांनी या तालुक्यात पस्तीस वर्षं मास्तरकी केली, अर्धं गाव त्यांच्या हातची छडी खाऊन मोठं झालं. पण हल्ली मला कोणी 'गुरुजींचा मुलगा' म्हणत नाही. तेव्हा खालील मार्गदर्शन अनुभवी माणसाचं आहे, एवढी खात्री बाळगावी.

आधी श्वान उद्यान म्हणजे काय ते स्वतःला समजलेलं असावं. कुंपण घातलेली जागा असते. तिथे कुत्र्याचा पट्टा सोडायचा, त्याने धावायचं आणि मालकाने बाकावर बसून दुसऱ्याच्या कुत्र्याचं वय विचारायचं. अमेरिकेत बर्कलीला १९७९ साली अशी बाग झाली. आपल्याकडे हैदराबादच्या महापालिकेने २०१८ मध्ये कोंडापूरला १.३ एकरांवर केली, खर्च सुमारे १ कोटी १० लाख. १.३ एकर म्हणजे आपल्या मापात ५२ गुंठे. हा आकडा बैठकीत चुकूनही उच्चारू नका. शहापूर-मुरबाड पट्ट्यात 'गुंठा' हा शब्द कानावर पडला की समोरच्याच्या डोळ्यांत प्लॉट उगवतो. त्यातून समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला. आता ५२ गुंठे मोकळी जमीन कुत्र्यांना द्या म्हणणाऱ्याला लोक थेट वेडा म्हणत नाहीत, फक्त जमीन कुठली ते विचारतात आणि नंबर घेऊन ठेवतात.

मग पहिला जाहीर प्रश्न येईल : 'इथे कशाला?' एका बाजूला माहुलीचा डोंगर, दुसऱ्या बाजूला तानसाचं अभयारण्य, मधे भातखाचरं. कुत्र्याला धावायला अजून किती जागा पाहिजे? या प्रश्नाला उत्तर देण्याची घाई करू नका, कारण प्रश्न बरोबर आहे. पाड्यावरचा मोती सकाळी शेळ्यांबरोबर रानात जातो, दुपारी बांधावर झोपतो, रात्री रानडुकरांवर भुंकतो. त्याला उद्यान दिलं तर तो त्याची राखण करील.

उद्यान हवं आहे ते वासिंद-आसनगावच्या तिसऱ्या मजल्यावरच्या लॅब्रेडॉरला. स्वस्तातला फ्लॅट बघून कल्याण-ठाण्याकडची कुटुंबं इकडे आली, त्यांच्याबरोबर तोही आला. आमच्या घरात लेकीच्या हट्टाने आलेला ब्रूनो त्यातलाच. आईच्या तोंडी तो 'बुरण्या' झाला आहे आणि आता त्या नावालाच ओ देतो. त्याला संध्याकाळी फिरवायला न्यायचं म्हणजे सीमा तपासणी नाक्यावरून ट्रक नेणं. बेकरीच्या कोपऱ्यापर्यंत एका टोळीची हद्द, पुढे पिठाच्या गिरणीपर्यंत दुसरीची. गिरणीपाशी एक कान तुटका काळा कुत्रा आडवा पडलेला असतो. तो उठत नाही, भुंकत नाही, नुसता वरचा ओठ किंचित उचलतो. बत्तीस किलोचा बुरण्या त्यासरशी माझ्या दोन पायांमध्ये शिरतो आणि पट्टा माझ्या गुडघ्यांना गुंडाळला जातो. गिरणीवाल्या काकू आतून म्हणतात, "चावला का?" मी म्हणतो, "नाही." त्या म्हणतात, "मग उभे का?" मागणीचा उगम इतकाच आहे, पण अर्जात तो लिहिता येत नाही.

अर्ज ही खरी विद्या. विषयाची ओळ 'मिळणेबाबत' या शब्दाने संपली पाहिजे. 'पाहिजे' असं लिहिलेला कागद कचेरीत कागद मानला जात नाही. 'श्वान' लिहा, 'कुत्रा' लिहिलात तर टेबलामागचा माणूस हसतो आणि हसला की गेलं काम. आता सर्वांत नाजूक निवड. 'पाळीव श्वानांकरिता' लिहिलंत तर अर्ज उद्यानाच्या टेबलावर जातो. 'भटक्या श्वानांकरिता' लिहिलंत तर आरोग्याच्या. 'पाळीव व भटक्या' असं लिहून दोघांनाही न्याय द्यायला गेलात, तर प्रत्येक टेबल तो शेजारच्या टेबलाचा आहे असं ठामपणे सांगतं आणि अर्ज दोहोंच्या मधल्या कपाटात विसावतो.

संदर्भ मात्र भारदस्त द्या, हल्ली ते भरपूर आहेत. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३. मग सर्वोच्च न्यायालयाचा २२ ऑगस्ट २०२५ चा आदेश : भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना मूळ जागी सोडा, पिसाळलेली आणि आक्रमक मात्र सोडू नका, आणि त्यांना खायला घालण्यासाठी प्रत्येक प्रभागात ठरावीक जागा नेमा. त्यावर ७ नोव्हेंबरचा आदेश : शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली कुत्री उचला आणि परत तिथे सोडू नका. म्हणजे कायद्याने कुत्र्याला जेवणाची जागा दिली, शस्त्रक्रिया दिली, प्रवेशबंदीची यादी दिली. विरंगुळा तेवढा राहिला. हे वाक्य मी अर्जात घातलं होतं. ते खाली रेघ मारून परत आलं, शेजारी लाल शाईत 'म्हणजे काय?'

जागा कोणाच्या हद्दीत येते तेही आधी बघा. शहापूर शहराला नगरपंचायत आहे, तिथे सतरा नगरसेवक. हद्द ओलांडली की ग्रामपंचायत आणि ग्रामसभा. कुत्री दोन्हींकडे सारखीच फिरतात, तुम्हाला मात्र एक बाजू धरावी लागेल.

मोकळी दिसणारी प्रत्येक जमीन मोकळी नसते, हे ज्ञान सातबारा काढल्यावर होतं. निम्मी निघेल वनखात्याची. तिथे कुंपणाचा खांब रोवण्याचा विचारही मनातल्या मनात करा. उरलेल्यात गायरान सापडेल. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं, पण हाक 'भाऊसाहेब' हीच. तर भाऊसाहेब गायरानाचं नाव काढताच मान हलवतात, आणि त्यात त्यांचं चूक काही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ ला गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढा म्हणून निकाल दिला, त्यामागोमाग १२ जुलै २०११ चा राज्याचा शासन निर्णय आला, आणि गायरान दुसऱ्या कामाला देणं जवळजवळ बंदच झालं. गायरान गुरांसाठी. "कुत्रं हे गुरात धरता येईल का?" असा प्रश्न मी विचारून पाहिला. विचारू नये.

एक वाट खरोखर आहे आणि ती कोणी सांगत नाही, म्हणून इथे विनोद बाजूला ठेवून सांगतो. राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे साधारण एकराच्या वरच्या लेआउटमध्ये दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. तुमच्या गृहसंकुलाच्या मंजूर नकाशात ती हिरव्या रंगात दाखवलेली असते. नकाशाची प्रत माहिती अधिकारात मागा. अर्जावर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट चिकटवा, तीस दिवसांत उत्तर द्यायचं बंधन आहे. नकाशा हातात आला की त्या हिरव्या चौकोनावर प्रत्यक्ष जाऊन उभे राहा. तिथे मीटरची खोली, वाळूचा ढीग, गणपतीचा कायमचा मंडप यांपैकी काहीतरी असेल. हे काही नसून नुसतं गवत असलं, तर तुमच्या संकुलात पुण्यवान माणसं राहतात. सोसायटीच्या सभेत ठराव मांडा आणि सकाळ-संध्याकाळचा एकेक तास कुत्र्यांना मागून घ्या. लहान मुलांची वेळ सोडून. त्यांचा हक्क आधीचा आहे.

आता ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ठरलेल्या तारखा. त्यांतली १ मे टाळा. त्या दिवसांत आमच्याकडे एकच विषय असतो : पाणी. तानसा धरण १८९२ पासून मुंबईला पाणी पाजतंय, मोडकसागर आणि भातसा त्याच कामाला जुंपलेले, आणि उन्हाळ्यात तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर. 'धरण उशाला आणि कोरड घशाला' ही म्हण बातमीदारांनी शहापूरला कायमची बहाल केली आहे. आमच्या पाड्यांसाठी शेजारच्या इगतपुरी तालुक्यातल्या भावली धरणातून पाणी आणायची योजना आहे, यावरून काय ते समजा. अशा सभेत तुमच्या प्रस्तावातलं 'श्वानांसाठी पिण्याच्या पाण्याचा हौद' हे कलम वाचून दाखवलं जाईल. मोठ्याने. दोनदा. मागे हंडा घेऊन आलेली एखादी मावशी तेव्हा काहीच बोलणार नाही, नुसती तुमच्याकडे बघेल. त्या नजरेला उत्तर असलेलं मार्गदर्शन अजून छापलं गेलेलं नाही. हौद वगळा, घरून बाटली न्या.

मी ऐकलेला सर्वांत बिनतोड आक्षेप पाण्याचाही नव्हता. आमच्याकडच्या एका सभेत डोक्याला टॉवेल गुंडाळलेले एक आजोबा उठले. त्यांनी शांतपणे विचारलं, "कुंपण घालून दहा-वीस कुत्री एका जागी ठेवनार. म्हंजे बिबट्याला डबा लावून देताय का?" सभा संपली. तांत्रिकदृष्ट्या ती पुढे वीस मिनिटं चालली, पण संपली. या तालुक्यात बिबट्या आहे आणि कुत्रं त्याला आवडतं, हे सिद्ध करायला कुठला अहवाल लागत नाही.

तरीही प्रस्ताव तग धरून राहिलाच, तर नामकरणाला हात घालू नका. 'वाघ्या श्वान उद्यान' हे नाव सुचेल. ते सुचल्याबरोबर गिळा. रायगडावरच्या वाघ्याचा पुतळा २०१२ मध्ये काढला गेला, परत बसवला गेला आणि २०२५ मध्ये तोच वाद पुन्हा पेटला. संत नामदेवांची गोष्ट मात्र भाषणात बिनधास्त घाला : कुत्र्याने भाकरी पळवली आणि महाराज तुपाची वाटी घेऊन मागे धावले. माना डोलतात. मागून कोणीतरी 'तूप कुठल्या निधीतलं?' विचारेल, त्याच्याकडे लक्ष देऊ नका.

या सगळ्याला किती काळ लागतो? लॅब्रेडॉर दहा-बारा वर्षं जगतो. प्रस्ताव त्याहून दीर्घायुषी असतो. म्हणून दोन कामं अर्जाची वाट न बघता उरकून टाका. कुत्र्याला दर वर्षी रेबीजची लस द्या, आणि आळीतल्या गावठ्यांनाही मिळेल ते बघा. आणि कुत्रं चावलंच, तर हळद, चुना, मिरची काही लावत बसू नका; जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि तडक सरकारी दवाखाना गाठा. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती जुनी झाली. आता दंडात देतात : पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या. बरं वाटतंय म्हणून मधेच सोडायची नाहीत. हे गिरणीवाल्या काकूंनाही सांगून ठेवलं आहे.

माझ्या अर्जाची पोच मला मिळाली. गोल शिक्का, तारीख, आवक क्रमांक, सगळं आहे. प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवली आहे. बुरण्या हल्ली संध्याकाळी गावाबाहेरच्या उतारावर पट्टा सोडून धावतो. गिरणीपाशचा काळाही अधूनमधून तिथे येतो, लांब बसतो. परतणाऱ्या म्हशी दोघांकडे बघत नाहीत. त्या उताराचा सातबारा मी काढला आहे. त्यावर 'गुरचरण' असं लिहिलेलं आहे.