भिवंडीला परत येणार, याचा पुरावा

भिवंडीत सगळ्यांनाच शेठ म्हणतात. लूम चालवणारा शेठ, गोदामवाला शेठ, टेम्पोचं भाडं ठरवणारा शेठ, आणि टपरीवर चहाची उधारी ठेवणारा तर हमखास शेठ. तेव्हा या लेखातल्या गृहस्थांनाही शेठच म्हणू. खाडीकडच्या एका गावात त्यांचं घर. आजोबांनी तिथे भात पिकवला, वडिलांनी भिवंडीत लूम टाकले, शेठनी लूम भंगारात काढून भाताच्या शेतावर गोदामं बांधली. आता त्या गोदामांत कंपन्यांची खोकी राहतात आणि शेठचं घर खोक्यांच्या भाड्यावर चालतं.

अशा घरातल्या सुट्ट्या ठरलेल्या असतात. चैत्रात कार्ल्याची एकवीरा, मध्येच कधीतरी शिर्डी, पाहुणे आले की वज्रेश्वरीची गरम पाण्याची कुंडं. आणि परदेश म्हणजे दुबई, कारण तिथे जाऊन आलेला माणूस नाक्यावर भेटतोच आणि सगळे भाव सांगतो. यंदा मात्र मुलगी जेवताना म्हणाली, "पप्पा, पोर्तोफिनोला जाऊ या."

शेठनी ताटातली सुरमई बाजूला सारली, म्हणजे विषय गंभीर होता. त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न कुठल्याही प्रवासवर्णनकाराला सुचला नसता. "वस्ती किती?"

वस्ती जेमतेम चारशे. भिवंडी-निजामपूर महापालिकेची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच ७ लाखांच्या वर होती. चारशे माणसं म्हणजे शेठच्या हिशेबाने सणासुदीच्या दिवसांत एका मोठ्या गोदामात पाकिटांना लेबलं चिकटवणारी पोरं. "त्या चारशेंत बघायचं काय?" असं ते म्हणाले आणि घरात दोन तट पडले.

बघण्यासारखं आहे, हे मान्य करायला हवं. इटलीच्या लिगुरिया भागात, जिनोआच्या पूर्वेला, डोंगराच्या कुशीत शिरलेली समुद्राची एक छोटी खाच. रोमन काळात या बंदराचं नाव डॉल्फिनवरून पडलेलं होतं. काठावर पिवळ्या, गुलाबी, विटकरी रंगांची उंच घरं दाटीवाटीने उभी आहेत. ती मुळात कोळ्यांची. समोर छोटा चौक, चौकापुढे पाणी, आणि पाण्यात कोळ्यांच्या होड्यांशेजारी अशा नौका की त्यांच्या किमतीत आख्खं अंजूरफाटा ते माणकोली विकत यावं. वर टेकडीवर एक किल्ला आहे, त्याचं नाव ब्राउन. १८६७ साली जिनोआतल्या इंग्रज वकिलातीच्या येट्स-ब्राउन नावाच्या अधिकाऱ्याने तो विकत घेतला, म्हणून हे नाव. हे ऐकून शेठ पहिल्यांदा खुर्चीत पुढे सरकले. किल्ला विकत मिळतो, ही माहिती त्यांना नवी होती. "काय भावाने घेतला असेल?" असं त्यांनी विचारलं. कुणाकडेच उत्तर नव्हतं.

त्या किनाऱ्यावर सान फ्रुत्तुओसो नावाचा एक मठ आहे. त्याच्यासमोर समुद्रात साधारण १७ मीटर खोल येशूचा ब्राँझचा पुतळा आहे, १९५४ साली तिथे उतरवलेला. पाणबुडे खाली जाऊन दर्शन घेतात. आजी एवढंच म्हणाल्या, "आपण विसर्जन करून घरी येतो, हे विसर्जन करून भेटायला जातात." त्यांना ते आवडलेलं दिसलं.

पण शेठना खरं पटलं ते वाहतुकीच्या मुद्द्यावर. पोर्तोफिनोला रेल्वे नाही. गाडीने सांता मार्गेरिता लिगुरे इथे उतरायचं आणि पुढचे ५ किलोमीटर समुद्राला चिकटलेल्या अरुंद, वळणावळणाच्या रस्त्याने बसने किंवा बोटीने जायचं. २०१८ च्या ऑक्टोबरात वादळाच्या लाटांनी हा रस्ताच तोडला होता आणि गावाला जाणारी मोटारींची वाट बंद झाली होती. शेवटच्या ५ किलोमीटरला वेळ लागणं, पावसाने रस्ता जाणं, गावात शिरायला एकच वाट असणं: शेठच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू आलं. ज्या माणसाने भिवंडी बायपासवर आयुष्यातली उमेदीची वर्षं क्लच दाबून काढली आहेत, त्याला इटलीने यापेक्षा मायेने बोलावणं शक्य नव्हतं.

मग आलं व्हिसाचं प्रकरण. शेंगेन व्हिसाचं शुल्क ११ जून २०२४ पासून मोठ्या माणसाला ९० युरो आहे. त्याबद्दल शेठची तक्रार नव्हती. आरोग्यविमा किमान ३० हजार युरोंचा लागतो, त्याबद्दलही नाही. बोटांचे ठसे एकदा दिले की ५९ महिने चालतात, हे तर त्यांना सोयीचंच वाटलं. ५९ च का, ६० का नाहीत, असा प्रश्न फक्त त्यांच्या सीएने विचारला. सीएंना असे प्रश्न पडतात.

भानगड पुढे होती. अर्ज कुठल्या देशाकडे करायचा? तर ज्या देशात सगळ्यात जास्त रात्री काढणार, त्या देशाकडे. आता कुठलंही मराठी कुटुंब युरोपला जातं तेव्हा एका देशाला जात नाही. एवढं तिकीट काढलंच आहे तर पॅरिस का सोडायचं, आणि स्वित्झर्लंडला बर्फात उभं राहून फोटो काढला नाही तर सोसायटीत तोंड कसं दाखवायचं, हे प्रश्न आपसूक येतात. सुनेला बर्फ हवा होता, मुलाला आयफेल टॉवर, मुलीला पोर्तोफिनो. रात्रींची वाटणी वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीसारखी चालली आणि शेठना त्या कामाचा अनुभव होता. शेवटी इटलीला झुकतं माप मिळालं. अट एकच, पिसाचा कलता मनोरा धरायचा. तो हाताने सावरल्याचा फोटो नसेल तर इटली पाहिल्याचं गावात कुणी मानत नाही.

त्यानंतर मुलीने कागदांची यादी वाचून दाखवली. बँकेचं खातेपत्रक, आयकराची विवरणपत्रं, धंद्याची नोंदणी, हॉटेलचं आरक्षण, विमानाचं आरक्षण, रोज कुठे असणार याचा तक्ता, आणि वर एक पत्र. आपण का जात आहोत, खर्च कोण करणार, आणि मुदतीत मायदेशी परतणार हे कशावरून.

"म्हणजे," शेठ सावकाश म्हणाले, "आपण भिवंडीला परत येणार याचा पुरावा द्यायचा."

वाक्य खरं होतं. पोर्तोफिनो पाहिलेला माणूस कल्याण नाक्यावर परत येईलच, याची खात्री इटलीच्या सरकारला नाही. उन्हाळ्यात धामणकर नाक्यावर दुपारी उभं राहिलेल्या कुणालाही ही शंका अगदी निराधार वाटणार नाही. पण शेठ दुखावले. त्यांनी पुरावे काढायला घेतले: गोदामांचे भाडेकरार, सातबारा, घरपट्टीची पावती, पुतण्याच्या लग्नाची पत्रिका. पत्रिकेवर त्यांनी बोट ठेवलं. "मे महिन्यात हळद आहे. आगरी माणूस घरची हळद चुकवून इटलीत राहील का?" मुद्दा बिनतोड होता, पण अर्जात त्यासाठी रकाना नव्हता. सीएने समजावलं की सातबारा मराठीत आहे, भाषांतर करून द्यावं लागेल. 'पोटखराबा' या शब्दाशी भाषांतरवाला अडला आहे, असं शेवटचं कळलं.

हे सगळं चाललेलं असताना पुतण्याने घात केला. तो म्हणाला, "काका, एवढं कशाला? लवासा आहे की. पोर्तोफिनोचीच कॉपी."

हे मात्र खरं आहे. पुणे जिल्ह्यात वरसगाव धरणाच्या जलाशयाकाठी, दासवे इथे हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनीने हे शहर उभं केलं. काठावरच्या रंगीत इमारतींची रांग पोर्तोफिनोवर बेतलेली आहे. २०१० च्या नोव्हेंबरात केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवलं, २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, २०२३ च्या जुलैत कंपनी कायदा लवादाने नव्या मालकाची योजना मंजूर केली, आणि ती योजनाही पैशांपाशी अडकली. इतक्या फेऱ्यांतून गेलेल्या गावाबद्दल भिवंडीकराला आपुलकी वाटावी हे साहजिक आहे. पॉवरलूमच्या धंद्याचा आलेख काही वेगळा नाही.

शेठ रविवारी सहकुटुंब लवाशाला जाऊन आले. रंगीत इमारती पाहिल्या, त्यांतल्या बऱ्याच रिकाम्या होत्या. कणीस खाल्लं, तळ्याकडे पाहिलं. परतीच्या वाटेवर गाडीत त्यांनी निकाल दिला: "माल कॉपी आहे, पण मासळीचा वास नाही. वास नसेल तर बंदर कसलं?"

कॉपीची ही हौस काही एकट्या महाराष्ट्राची नाही. अमेरिकेत ऑरलँडोला याच गावाच्या नमुन्यावर एक आख्खं हॉटेल आहे. तोक्योच्या डिस्नीसीमध्ये तिकीट काढून पाहता येणारं पोर्तोफिनो आहे. वेल्समध्ये क्लफ विल्यम्स-एलिस नावाच्या वास्तुरचनाकाराने १९२५ पासून पोर्टमेरियन नावाचं रंगीत गाव उभारलं. पोर्तोफिनो आपल्याला आवडतं पण ही त्याची नक्कल नाही, असं तो म्हणत राहिला. भिवंडीत कापडावर दुसऱ्याचा शिक्का मारणारेही नेमकं हेच म्हणतात.

गंमत पुढेच आहे. मूळ पोर्तोफिनोतही सगळं मूळ नाही. लिगुरियातल्या घरांच्या भिंतींवर खिडक्या, चौकटी, दगडी नक्षी हे अनेक ठिकाणी चक्क रंगाने काढलेलं असतं. दगड कोरण्यापेक्षा रंग स्वस्त, असा सरळ हिशेब. मुलीने मोबाइलवर फोटो मोठा करून दाखवला तेव्हा शेठ बराच वेळ पाहत राहिले. एक खिडकी उघडी, एक बंद, एक नुसतीच रंगवलेली. "हे धंदेवाले लोक आहेत," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून यापेक्षा मोठी स्तुती निघत नाही. लवाशामुळे डळमळलेला पोर्तोफिनोचा बेत त्या एका खोट्या खिडकीने पुन्हा उभा केला.

उरलेल्या अडचणी मग भराभर सुटल्या. गावातलं स्प्लेंडिडो हे प्रसिद्ध हॉटेल कधीकाळी मठ होतं. आता हंगामात तिथली एक रात्र हजार युरोंच्या वर जाते. संन्याशांच्या जागेला एवढं भाडं येऊ शकतं हे शेठनी मनात नोंदवून ठेवलं आणि मुक्काम शेजारच्या रापाल्लोत ठरवला. पोर्तोफिनो सकाळच्या बोटीने जाऊन पाहायचं. फोटोंबद्दल मुलीला ताकीद मिळाली, कारण २०२३ साली तिथल्या पालिकेने सेल्फीसाठी रेंगाळायला मनाई असलेले पट्टे आखले होते आणि दंड २७५ युरोंपर्यंत होता. उभं राहण्याचा दंड! इकडे वंजारपट्टी नाक्यावर ही योजना आणली तर महापालिका एका वर्षात कर्जमुक्त होईल, असं शेठचं मत पडलं. लेखकाचंही तेच आहे.

आता बंदराचं म्हणाल तर भिवंडीनेही कुणाकडे मान खाली घालून जायचं कारण नाही. १६५७ च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी ताब्यात घेतली आणि पुढे इथल्याच खाडीत गलबतं बांधायला काढली. कामावर पोर्तुगीज कारागीर होते. म्हणजे युरोपातले लोक नोकरीसाठी भिवंडीला येत होते, आणि ते परत जाणार याचा पुरावा कुणी मागितल्याचं ऐकिवात नाही. हा परिच्छेद व्हिसाच्या पत्रात घालावा असा शेठचा आग्रह होता. सीएने तो हात जोडून काढायला लावला.

राहता राहिला जेवणाचा प्रश्न. मराठी सहल कंपन्या युरोपात पोहे आणि वरणभात देतात, पण इथे स्वतंत्रपणे जायचं होतं आणि आजी येणार होत्या. मुलीने सांगितलं की तिकडे अँचोव्ही नावाचा छोटा मासा मिठात मुरवून खातात. आपली मांदेली त्याच कुळातली. आजींनी मिठातली कल्पना नापसंत केली. मांदेली तळायचीच असते, यावर त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. त्यांनी सुक्या बोंबलांची पिशवी काढली.

इथे सगळे घाबरले आणि नियम शोधले गेले. बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला युरोपीय संघात मांस आणता येत नाही, दुधाचे पदार्थही नाहीत. तूप गेलं, पेढे गेले, सुनेचा चेहरा उतरला. मासळीला मात्र २० किलोपर्यंत मुभा आहे.

"घरटी की माणशी?" आजींनी विचारलं.

माणशी, असं मुलीने वाचून सांगितलं. विमानात सामान माणशी २३ किलो. आजींनी बोटांवर हिशेब केला आणि कपड्यांना ३ किलो पुष्कळ झाले, असं जाहीर केलं.