टोपणनाव ठेवण्याची आणि निभावण्याची रीतसर पद्धत (पनवेल व परिसरासाठी)

पनवेलची नगरपालिका १८५२ची, महानगरपालिका २०१६ची. एवढ्या काळात टोपणनावांचं खातं मात्र कुणी उघडलं नाही. जन्माचा दाखला मिळतो, लग्नाची नोंद होते. पण 'बंड्या' हे नाव कुणी दिलं, कधी दिलं, याचा कागद कुठल्याच कपाटात सापडत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी पुढील सूचना. जुन्या पनवेलकरांना हे उपजत येतं. नवीन पनवेल, कामोठे, कळंबोलीकडे नव्याने राहायला आलेल्यांनी नीट वाचावं.

प्रथम मुहूर्त. बारशाला आत्या कानात 'कुर्रर्र' करून जे नाव सांगते, ते शाळेच्या दाखल्यापुरतं. आईबाबांनी रात्र रात्र मोबाईल चाळून 'रियांश' काढलेलं असतं आणि पाळणा थांबायच्या आत आजी त्याचा 'गुंड्या' करून मोकळी होते. पालकांनी हरकत घेऊ नये. हरकत घेतली की नाव पक्कं होतं. खुद्द लोकमान्यांचं नाव केशव. घरचे हाक मारायचे 'बाळ', आणि तेच नाव मंडालेच्या तुरुंगापर्यंत गेलं. तिथे रियांशची काय कथा!

आता घडण. मुलाच्या नावाचा पुढचा तुकडा घ्यावा आणि शेपटाला 'या' लावावा. सचिनचा सच्या, दिनेशचा दिन्या, संतोषचा संत्या. मुलींना दीर्घ ईकार पुरतो: सुनी, संगी, मनी. खरी अडचण प्रसाद आणि प्रशांतची, कारण दोघेही पश्या. एकाच आळीत दोन पश्या निघाले तर धंदा नाहीतर वाहन जोडावं: 'झेरॉक्स पश्या', 'बुलेट पश्या'. पुढे बुलेट विकली तरी बिरुद परत घेतलं जात नाही. तो रिक्षातून उतरला तरी बुलेट पश्याच. (रंगावरून, व्यंगावरून किंवा जातीवरून नाव ठेवणारे स्वतःला फार विनोदी समजतात. त्यांना चहा विचारू नये.)

समोरच्याचं नावच आठवत नसेल तर आगरी गावांनी सोय करून ठेवली आहे. पुरुषाला 'दादूस' म्हणावं, बाईला 'बाय'. 'बाय' नातीलाही चालतं आणि आजीलाही. आवाजात माया मात्र हवी. बँकेच्या काउंटरवरून म्हटल्यासारखं कोरडं 'दादूस' लगेच ओळखू येतं.

नवरा-बायकोंचं प्रकरण जोखमीचं आहे. चारचौघांत 'अहो', घरात 'पिल्लू', ही विभागणी काटेकोर पाळावी. सकाळच्या सीएसएमटी लोकलमध्ये आमच्या भजनाच्या ग्रुपमधल्या एका गृहस्थांनी, वय बावन्न, हेडक्लार्क, फोन उचलताना चुकून स्पीकरवर टाकला. मानसरोवर आणि खारघरच्या मध्ये सबंध डब्याने ऐकलं, "पिल्लू, डबा ओट्यावरच राहिला रे!" भजन थांबलं. टाळ वाजवणाऱ्याने टाळ खाली ठेवले. बेलापूर येईपर्यंत कुणी काही बोललं नाही आणि बेलापूरला उतरणाऱ्याने दारातून हात करून सांगितलं, "येतो, पिल्लूशेठ." त्या दिवसापासून त्यांना डब्यात दुसरं नाव नाही. निवृत्तीच्या केकवरही तेच लिहिलं होतं, आणि खाली 'शेठ' लिहायला जागा उरली नाही.

नावाला बढतीही मिळते, पण ती लोकांनी द्यायची असते. आपल्या रायगडातल्याच गागोद्याचा विनायक आईचा 'विन्या' होता. गांधीजींच्या आश्रमात जाऊन त्याचा विनोबा झाला. आणि पाच वेळा पनवेलमधून आमदार झालेले, १९८४च्या जासईच्या आंदोलनाचे पुढारी दिनकर बाळू पाटील? शंभर जणांना 'दिनकर पाटील कोण?' म्हणून विचारा, निम्मे चाचरतील. 'दिबा' म्हणा, रिक्षावालाही साडेबारा टक्के जमिनीच्या परताव्यापासून विमानतळाच्या नावापर्यंत सगळं सांगेल, मीटर चालू ठेवून. शिरढोणच्या आद्य क्रांतिवीर फडक्यांच्या नावाने शहरात नाट्यगृह आहे. पाटीवर नाव पूर्ण आहे, तिकीट काढणारा मात्र 'फडकेला प्रयोग आहे' एवढंच म्हणतो. यात अनादर नाही. जे तोंडात बसतं तेच टिकतं.

म्हणून स्वतःचं टोपणनाव स्वतः ठेवू नये. वाढदिवसाला पदरच्या पैशाने उरण नाक्यावर 'भाई' म्हणून फ्लेक्स लावणाऱ्या एकाला आमच्या आळीत 'फ्लेक्स' म्हणतात. तो वळूनही बघतो.

नको असलेलं नाव टाळायचा उपाय विचाराल, तर नाही. चिडलात तर पसरतं, हसलात तर मुरतं, गाव सोडलंत तर शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप तिथेही गाठतो.

लग्नघरांना मात्र कळकळीची विनंती आहे. पत्रिकेत 'चि. प्रशांत' याच्या शेजारी 'बुलेट पश्या' जरूर छापा. नाहीतर मित्र पत्रिका उलटसुलट करून 'हा कोण?' म्हणतात आणि त्या संध्याकाळी आहेर घेऊन झेरॉक्स पश्याच्या घरी पोचतात.