भंगारातली खाण

शाळेत लोखंडाचा कच्चा माल तीन शब्दांत संपायचा: खनिज, कोक, चुनखडी. वसईजवळच्या गोखिवऱ्यात तो टेम्पोतून येतो आणि रस्त्याला सांडत जातो. गाळ्यांच्या ओळीतून चालताना लेथवरची निळसर, कुरळी टर्निंग चपलेत शिरली नाही, तर माणूस नवखा नाही असं समजावं.

इथल्या भंगारवाल्याची प्रयोगशाळा म्हणजे सुतळीला बांधलेलं लोहचुंबक. आमचा जुना कूलर त्याला ठक्कन चिकटला. मात्र हिच्या माहेरच्या स्टीलच्या डब्याला चुंबकानं ओळखच दिली नाही. हिचा चेहरा पडला. ‘वहिनी, चांगलं स्टील चिकटत नाही,’ त्यानं धीर दिला. निकेलचा गुण तो, पण श्रेय माहेराला गेलं.

खनिजाचं मात्र एवढ्यावर भागत नाही. जमशेदजी टाटांनी 1882 मध्ये चांदा जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या लोखंडाचा अहवाल वाचला. कोळसा त्याच जिल्ह्यात, वरोऱ्याला. पत्रिका जुळलीच म्हणायची! पण वरोऱ्याच्या कोळशाचा चांगला कोक होईना. कोकनं नुसती आच देऊन चालत नाही. खनिजातला प्राणवायू काढून घ्यायचा आणि वरचा सगळा ढीगही पेलायचा. सोयरीक मोडली, वऱ्हाड साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला गेलं, आणि 1912 मध्ये तिथं पोलाद निघालं. चुनखडी बिचारी खनिज आणि कोक दोन्हीकडची वाळूमाती पोटात घेऊन मळी होते; तिच्या नावानं कुणी गाव वसवत नाही.

टनभर भंगार वितळवलं तर सुमारे 1.4 टन खनिज, 740 किलो कोळसा आणि 120 किलो चुनखडी वाचते, असा हिशेब आहे. जालन्याच्या भट्ट्या मुख्यतः भंगारावरच चालतात. आज कुणाची तरी खिडकीची जाळी, उद्या कुणाच्या तरी स्लॅबची सळई.

अट एकच, भंगारात तांबं नको. वितळलेल्या पोलादातून ते काढता येत नाही, आणि लाटताना सळईला चिरा पाडतं. आमचा भंगारवाला म्हणूनच कूलरची मोटर फोडून तांब्याची तार अगदी निगुतीनं वेगळी करत होता. पोलादाच्या शुद्धतेची ही काळजी पाहून मी भारावलो आणि सहज विचारलं, ‘तांब्याला काय भाव आहे हो सध्या?’

‘साहेब,’ तो म्हणाला, ‘रद्दी आहे का काही?’