इंटर्नला निरोप कसा द्यावा : सामाजिक संस्थांसाठी मार्गदर्शिका

समता आणि न्यायासाठी झटणाऱ्या प्रत्येक संस्थेवर हा प्रसंग येतोच. समाजकार्य महाविद्यालयाचं फील्डवर्क संपतं आणि जिच्या भरवशावर अर्धं कार्यालय चाललं होतं ती मुलगी शुक्रवारी जाणार, हे आपल्याला गुरुवारी कळतं. गांगरून जाऊ नये. पुढील क्रमाने निरोप द्यावा.

1. बैठक घ्या. निर्णय वरून लादू नये. केक आणायचा की समोसे, यावर प्रत्येकाचं मत ऐकावं. सहमती न झाल्यास उपसमिती नेमावी आणि तीत इंटर्नलाच घ्यावं; मिनिट्स तिच्याइतके नीट कोणी लिहीत नाही.

2. खर्चाचं शीर्षक ठरवा. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या 2020 च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आणली. समोसे त्यात बसत नाहीत. ते 'क्षमताबांधणी'त घालावेत आणि खाणाऱ्यांच्या हजेरीपटावर सह्या घ्याव्यात.

3. गोलात बसा. सतरंजीवर सगळे सारखे. संचालकांना गुडघ्यांमुळे खुर्ची द्यावी. चहा करणाऱ्या मावशींना फोटो काढण्यासाठी मोबाइल द्यावा, म्हणजे फोटोत सगळे येतात.

4. भाषण करा. संस्थेच्या ताईंनी 1948 च्या किमान वेतन कायद्यापासून 2019 च्या वेतन संहितेपर्यंतचा कामगारांचा लढा मांडावा. मानधनाचा विषय निघालाच तर 'पैशापेक्षा अनुभव मोठा' असं म्हणावं, पण हळू. हेच वाक्य एखादा कंत्राटदार बोलला तर आपण मोर्चा काढतो.

5. भेट द्या. पुष्पगुच्छ नको, पुस्तक द्यावं. जोतीरावांचं 1873 सालचं 'गुलामगिरी' कपाटात असतं, पण बिनपगारी इंटर्नच्या हाती देताना शीर्षक बोचण्याची शक्यता आहे. संविधानाच्या प्रास्ताविकेची फ्रेम निर्धोक. मात्र मागच्या कार्यक्रमाला न आलेल्या पाहुण्यांच्या नावाची चिठ्ठी पाठीमागून आठवणीने काढावी.

6. पासवर्ड मागून घ्या. भावना आवरत नसल्या तरी हे आधी. संस्थेचं फेसबुक पान, ईमेल, ऑनलाइन अहवाल यांतलं काहीही उघडायला गेलात तर ओटीपी तिच्याच मोबाइलवर जातो. हे लक्षात न ठेवणाऱ्या संस्था पुढे वर्षभर तिला 'कशी आहेस गं बाळा?' असे प्रेमळ फोन करताना आढळतात.

7. प्रवासखर्चाचं बघा, असं लेखापालांना म्हणा. रेशनकार्डांच्या प्रकरणात तालुक्याच्या पुरवठा कार्यालयात माहिती अधिकाराचे अर्ज तिनेच टाकले, दर अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प स्वतःच्या पर्समधून लावून. 30 दिवसांत उत्तर आलं नाही की आपण अपिलात जातो. त्यासाठी केलेल्या प्रवासाच्या तिच्या व्हाउचरला आपल्याकडे अशी मुदत नाही. लेखापाल म्हणतात, तिकिटावर रक्कम दिसत नाही. खरंच दिसत नाही : एसटीच्या यंत्रातून निघालेल्या तिकिटाची छपाई कालांतराने उडते आणि टाचणीला पांढऱ्या कोऱ्या चिठ्ठ्या उरतात. 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. म्हणजे निम्मा खर्च त्याच शासनाने उचलला, ज्याच्याविरुद्ध ती अर्ज करत फिरत होती. अडकलाय तो उरलेला निम्मा, आपल्याकडे.

8. संपर्कात राहा, असं सांगा. पुढची इंटर्न कुठून मिळेल, हेही त्याच दमात विचारून घ्यावं.

यातलं काहीच जमलं नाही तरी बिघडत नाही. समोसे नसले तरी चालतील. ती दाराबाहेर पडण्याआधी तिचे पैसे हातात ठेवा. प्रमाणपत्रात 'सामाजिक कामाची आवड दिसून आली' असं मोघम न लिहिता तिने कोणत्या गावात, कोणासाठी, कोणते अर्ज लिहिले आणि त्यातून काय मिळालं ते लिहा; नोकरीच्या मुलाखतीत तोच कागद कामाला येतो. आणि पुढच्या प्रपोजलमध्ये इंटर्नच्या मानधनाची एक ओळ घाला. देणगीदार ती खोडेल कदाचित. त्याने खोडली तर खोडू दे. निदान त्याच्याआधी आपण खोडू नये.