आयत्या वेळचे विषय

जिल्हा परिषदेच्या सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका हा मराठीतला एक उपेक्षित वाङ्मयप्रकार आहे. मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे, मोडकळीस आलेल्या शाळाखोल्यांचे निर्लेखन करणे, अमुक वाडीस टँकर मंजूर करणे. यात माणूस कुठे दिसत नाही, कामं नुसती आपोआप होत असतात. निदान कागदावर तरी. आणि सगळ्यात खाली, थोडी संकोचून, एक ओळ उभी असते: अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय. मला ही ओळ फार आवडते. वरचे विषय कचेरीने आणलेले असतात. या ओळीच्या आडोशाला मात्र गाव थांबलेलं असतं, वहाणा दाराबाहेर काढून, बोलावं की न बोलावं अशा घोळात.

तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील, म्हणजे सगळ्यांचे आबा, १९७९ मध्ये सांगली जिल्हा परिषदेत गेले, तेव्हा विशीतलेच होते. ज्या वयात मुलं नोकरीच्या जाहिराती कापून वहीत ठेवतात, त्या वयात हा मुलगा सावळज भागातल्या लोकांचे हातपंप, रस्ते आणि मास्तरांच्या बदल्या ऐकून घेत बसलेला. तिथे त्यांची दहा-अकरा वर्षं गेली. १९९० मध्ये तासगावने त्यांना विधानसभेत पाठवलं, आणि मग अखेरपर्यंत पाठवतच राहिलं.

एरवी मुंबईची गाडी धरली, की माणूस जिल्हा परिषद तोकड्या झालेल्या सदऱ्यासारखी भावकीतल्या कोणाला तरी देऊन टाकतो. आबांनी तो सदरा काढलाच नाही, वरून मंत्रिपद चढवलं. १९९९ मध्ये ते ग्रामविकासमंत्री झाले आणि पुढच्याच वर्षी संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान निघालं. योजनेतली मेख अशी, की सरकारने आधी पैसे द्यायचेच नाहीत. गावाने स्वतः झाडायचं, स्वतः शौचालयं बांधायची आणि नंबर आला तर बक्षीस घ्यायचं. गावाला अनुदानाची सवय असते, पण ईर्ष्या ही त्याहून जुनी सवय. शेजारच्या गावाचा नंबर येणार या नुसत्या कल्पनेने माणसं पहाटे झाडू घेऊन उठतात, हे मंत्रालयात बसून सुचत नाही. त्याला सभेत दोन गावांचे सदस्य एकाच रस्त्यासाठी भांडताना पाहिलेले असावे लागतात.

आमच्याकडे तपासणीची समिती यायची होती, तेव्हाचं गाव मला आठवतं. देवळाची भिंत चुन्याने इतकी पांढरी झाली होती, की दुपारी तिच्याकडे बघवत नव्हतं. रस्त्यावर सडा, सड्यावर रांगोळी, रांगोळीवरून चालायची कोणाची हिंमत नाही, म्हणून सगळं गाव गटाराच्या कडेने अंग चोरून चाललेलं. वर्षानुवर्षं जागचा न हललेला एक उकिरडा रातोरात नाहीसा झाला. दुसऱ्या दिवशी समिती शेजारच्या गावात जाणार होती आणि तिथल्या लोकांना तो आपल्या शिवेत सापडला. त्यावरून जे बोलणं झालं ते स्वच्छतेत बसणारं नव्हतं. पण त्या चार दिवसांत मी पहिल्यांदाच पाटलांना आणि त्यांच्या गड्याला एकाच बोळात, एकाच जातीच्या खराट्याने झाडताना पाहिलं.

पुढे आबा गृहमंत्री झाले, २००४ मध्ये उपमुख्यमंत्रीही. २००५ मध्ये डान्सबारवर बंदी आली, तेव्हा मुंबई चकित झाली. गावाकडच्या आयाबायांना मात्र त्यात चकित होण्यासारखं काही दिसलं नाही. मग २००७ मध्ये तंटामुक्त गाव मोहीम. एवढ्या मोठ्या राज्याच्या पोलिसांचा मंत्री, आणि त्याला काळजी कसली, तर बांध कोरल्यावरून दोन भाऊ कोर्टात जातात याची! मला हे विनोदीही वाटतं आणि त्या विनोदाने गलबलूनही येतं. बांध हातभर सरकतो आणि तारखांवर तारखा घेत पिढी सरते, हे ज्याने पाहिलंय त्याला ती बाब गृहखात्याचीच वाटणार.

मुंबईने मात्र त्यांना एकदा गाठलंच. २००८ च्या नोव्हेंबरात शहरावर झालेल्या दहशतवादी हल्ल्यानंतर सिनेमातल्या संवादाच्या वळणाचं एक हिंदी वाक्य त्यांच्या तोंडून गेलं आणि पद गेलं. वाक्य समर्थनीय नव्हतंच. तासगावच्या पारावर मराठीत बोलताना हा माणूस असा कधी घसरला नसता, असं मला उगाच वाटत राहतं. वर्षभराने ते पुन्हा गृहमंत्री झाले.

२०१५ च्या फेब्रुवारीत आबा गेले. आमच्या चावडीपुढे शोकसभा झाली. दोन मिनिटं सगळे मान खाली घालून उभे. सरपंचांनी मान वर केली, तसा मागच्या रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "खालच्या आळीच्या गटारीचं कुठवर आलं?"

"अण्णा, आज तरी राहू द्या," सरपंच म्हणाले.

"का? आबा असते तर पहिलं तेच विचारलं असतं."

ग्रामसेवकाने मुकाट्याने टोपण काढलं आणि लिहून घेतलं.