आंबिलीचा अंमल

मार्गशीर्षातल्या अमावास्येला, म्हणजे येळवशीच्या सणाला, अहमदपूर तालुक्याचा मुलकी कारभार तहकूब असतो. कलेक्टरसाहेब स्थानिक सुट्टी जाहीर करतात, ती केवळ झाल्या गोष्टीवर शिक्कामोर्तब म्हणून. कारण कचेरी उघडी ठेवली तरी तेथे अर्ज द्यायला रयत नसते आणि घ्यायला कारकून नसतो. दोघेही कोणाच्या तरी शेतात एकाच पंगतीला बसलेले असतात. हा तालुका १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होता, पुढे उस्मानाबादेत गेला, १९८२ साली लातूरच्या स्वाधीन झाला. पण येळवशीवर कोणत्याच जिल्ह्याचा हुकूम चालला नाही.

२०२२ साली ही अमावास्या २३ डिसेंबरला, म्हणजे नाताळच्या ऐन तोंडावर आली. त्यामुळे आमच्या कुटुंबाची जी स्वारी सकाळी जीपमधून शेताकडे निघाली, तिच्या सरंजामात भज्जीचे पातेले, उंड्यांची दुरडी, गव्हाच्या खिरीचा डबा, ताकात ज्वारीचे पीठ शिजवून केलेल्या आंबिलीचे मडके आणि शाळेतल्या नाताळ समारंभात मिळालेली लाल टोपी कोणत्याही सबबीवर न उतरवणारा माझा धाकटा नातू, इतक्यांचा समावेश होता. मडके मांडीवर धरण्याचा मान घरच्या जावयाला मिळाला, आणि वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याची नोंद त्याच्या नव्या पाटलोणीवर यथाक्रम होत गेली.

शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी होती आणि आत चुन्याने रंगवलेले पाच पांडव पाषाणरूपाने आसनस्थ होते. नव्या पिढीला कृषिसंस्कृतीचे माहात्म्य विशद करून सांगावे, या सद्हेतूने मी एक भाषण मनात जुळवून ठेवले होते. परंतु भूमातेचे नाव उच्चारतो न उच्चारतो तोच नातीने, यांतला भीम कोणता, याचा खुलासा मागितला आणि लाल टोपीने त्याहून बिकट पेच टाकला : कोपीला धुराडे नाही, तर सांताक्लॉज उतरणार कुठून? मी चौथ्या शतकातल्या मायरा नगरीच्या संत निकोलसापासून उत्तराला आरंभ केला होता. पण आमच्या सौभाग्यवतींनी तेवढा अवकाश दिला नाही.

"दारातून यी म्हण की, बाळा! आज कोणालाबी आवतन लागत न्हाई," असे म्हणून त्यांनी टोपीला हळदकुंकू लावले आणि प्रकरण दप्तरदाखल केले.

हा निकाल वस्तुस्थितीला धरूनच होता. ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्यालाही या दिवशी बांधावरून हाक मारून पंगतीला बसवतात. आमच्याही पंगतीत दोन गृहस्थ असे होते की, थोरल्या मुलाला ते धाकट्याचे स्नेही वाटले, धाकट्याला थोरल्याचे. आणि नावगाव विचारणे शिष्टाचारास सोडून होईल म्हणून त्यांना खीर पुनःपुन्हा वाढण्यात आली.

भोजनोत्तर माझ्या भाषणाचा उत्तरार्ध व्हायचा होता. पण लसणाच्या खमंग वासाची ती थंडगार आंबील पोटात गेल्यावर भल्याभल्यांच्या पापण्यांवर जो अंमल चढतो, त्याविरुद्ध कोणत्याही न्यायालयात दाद मागता येत नाही. प्रहरभरात आमच्या घराण्यातले समस्त वडीलधारे झाडाखाली आडवे झाले आणि शिवाराचा ताबा निर्वेधपणे मुलांच्या हाती गेला. त्यांनी झोका बांधून घेतला, ओल्या हरभऱ्याचे डहाळे फस्त केले, जावयाच्या चपला आंब्यावर चढवल्या आणि सायंकाळी कडब्याचा पेटता हेंडगा शेताभोवती फिरवायची वेळ झाली तेव्हाच आम्हाला उठवले, तेही येळवशीचा ‘ओलगे’ हा पुकारा कानात करून.

इतर सणांना मोठी माणसे दिवसभर जागी असतात, आणि मुलांची सारी हलाखी तेथूनच सुरू होते. येळवस घालून देणारा आमचा पूर्वज मोठा धोरणी असला पाहिजे. उपदेश करू नका, असे सांगून वडीलधारे ऐकत नाहीत, हे जाणून त्याने त्यांच्या पेल्यात आंबील ओतली.