पायमोडकी कळ

आमच्या लॅपटॉपला कॅरी-इन वॉरंटी आहे. दुकानदाराने हे इतक्या कौतुकाने सांगितलं की मला ती काहीतरी वरच्या दर्जाची सोय वाटली. अर्थ नंतर कळला: बिघडला की उचलून आपणच न्यायचा. मी साताऱ्यात राहतो, सर्व्हिस सेंटर पुण्यात. जाताना खंबाटकीचा बोगदा, येताना घाट.

पहिल्यांदा गेली ती डीची कळ. इनस्क्रिप्ट पद्धतीने मराठी टंकणाऱ्याला डी म्हणजे चैन नव्हे, गरज. अक्षराचा पाय मोडायचा तो याच कळीने, आणि शिफ्ट दाबून 'अ' काढायचा तोही हिच्यातूनच. अक्षरांचे पाय मोडता मोडता ती स्वतःच पाय मोडून बसली. तक्रारीचा ईमेल लिहायला घेतला, तर 'दुरुस्ती'ची 'दुरुसती' आणि 'सर्व्हिस'ची 'सरवहिस' झाली. शेवटी जोडाक्षर नसलेलं एक वाक्य जुळवलं: 'कळ दाबली की रुतून बसते, सुटत नाही.' बायकोने वाचलं आणि म्हणाली, "हे पोटाच्या डॉक्टरांना पाठवताय का?"

काउंटरवरच्या मुलीने स्थळ बघायला आल्यासारखा लॅपटॉप चारी बाजूंनी न्याहाळला, जॉबशीटवर ओरखडे मोजून लिहिले आणि आवाज खाली आणून विचारलं, "काका, पाणी सांडलंय का?" आत एक पांढरा स्टिकर असतो, ओल लागली की तो लाल होतो, आणि मग वॉरंटी विसरायची. माझा पांढरा निघाला. मी उगाचच कॉलर ताठ केली.

इंजिनिअरने नोटपॅड उघडून डी दाबला. ओळभर डी उमटले! रात्रभर रडलेलं पोर दवाखान्याच्या पायरीवर खुदकन हसतं, तसे. शेरा पडला: 'दोष आढळला नाही.' तो शेरा घेऊन मी घाट चढलो. घरी आल्यावर डी पुन्हा मुका.

दुसऱ्या खेपेला कीबोर्ड बदलला, तिसऱ्या खेपेला मदरबोर्ड. चौथ्या खेपेला उभी हिरवी रेघ उमटली म्हणून पडदा. नव्या भागाबरोबर वॉरंटीही नवी होते, हा माझा भाबडा समज. आमच्या कागदांत बारीक अक्षरांत लिहिलंय की जुनीचे उरलेले दिवस तेवढेच नव्या भागाच्या वाट्याला. बॅटरी तर वर्षभरातच वॉरंटीतून निवृत्त झालेली. आता मूळचं उरलंय ते खालचं झाकण आणि त्यावरचे मोजलेले ओरखडे. साताऱ्याच्या स्टँडवर तिकीट खिडकीतले साहेब माझी बॅग बघूनच विचारतात, "आज काय गेलं?"

वॉरंटीचे अजून अकरा दिवस बाकी आहेत, आणि सकाळपासून नव्या कीबोर्डचा डी अडखळायला लागलाय. उदया पहाटेची सवारगेट गाडी पकडतो. तेवहा वाचकांनी कृपया सांभाळून घयावं.